समुद्रतळाशी (भाग ६) : पोवळं नेमकं कुणाचं?

मागच्या भागात आपण विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँकेवर होतो. तिथली प्रवाळं उन्हावर जगतात. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हात अन्न बनवतं आणि त्यावर प्रवाळाचं पोट भरतं. आजचं प्रवाळ अगदी उलट स्वभावाचं, त्याला अंधारच मानवतो. त्याचा सांगाडा बघायला आम्हा हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या लोकांना समुद्र गाठावा लागत नाही. काचीगुड्यावरून नयापूल ओलांडला की पत्थरगट्टी, आणि तिथल्या मोत्यांच्या दुकानांत टांगलेल्या लाल माळा.

आपल्याकडे ते पोवळं, शेजारच्या तेलुगू घरांत पगडम, दुकानदाराच्या तोंडी मूंगा. किती रत्तीचं, कुठल्या बोटात, सोन्यात की तांब्यात, यावर तासभर चर्चा होते. ते कुणाच्या अंगातून निघालं, हे विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे.

निघालं ते कोरॅलियम रूब्रम नावाच्या प्राण्यातून. त्याचं घर मुख्यतः भूमध्य समुद्र. आपल्या किनाऱ्यावर ते सापडत नाही. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा, पांढरा, अर्धपारदर्शक. तोंडाभोवती बरोबर आठ शुंडके आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे. आंग्रियावरच्या दगडी प्रवाळांत ही संख्या सहाच्या पटीत असते, तेव्हा नातं असलं तरी घराणी वेगळी. पाण्यातून वाहत येणारे सेंद्रिय कण आणि बारीक जीव या शुंडकांत अडकतात. शेकडो प्राणी एकाच लाल, मऊ सालीत रुतलेले असतात आणि आतल्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. त्यांच्यात काही बिनशुंडकांचेही असतात. ते शिकार करत नाहीत, वसाहतीतून पाणी खेळवत राहतात.

साल सोलली की आत निघतो तो कठीण दांडा, म्हणजेच बाजारातलं पोवळं. तो कॅल्साइटचा असतो, त्यात मॅग्नेशियम मिसळलेलं. लाल रंग कॅरोटीनच्या गोतातल्या रंगद्रव्यांचा. घरात जुना, घासून फार गुळगुळीत न झालेला मणी असेल तर भिंगाखाली धरा. फांदीच्या लांबीला समांतर जाणाऱ्या अगदी बारीक रेघा दिसतील. जिवंतपणी सालीतल्या नळ्या दांड्याला लागून जात होत्या, त्यांच्या त्या खुणा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यात या रेघा नसतात.

हा दांडा वाढतो किती सावकाश! जाडी वर्षाला जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे सात मिलिमीटर जाडीच्या बुंध्याला वीस ते तीस वर्षं लागली. कापून, तासून त्याचा गोल मणी करायचा तर जाडी आणखी कमी होणार, म्हणून टपोऱ्या मण्यासाठी त्याहून जुना दांडा लागतो.

राहायची जागाही खास. उथळ पाण्यात हे पोवळं गुहांत, कपारींत आणि पुढे आलेल्या खडकांच्या खालच्या अंगाला धरतं. अळी बाहेर पडली की वरच्या दिशेला पोहते, छताला चिकटते आणि वसाहत खाली डोकं करून वाढते. अशा जागी गाळ बसत नाही, शेवाळाशी जागेसाठी भांडणही नाही. खाली गेलं की अंधार सगळीकडेच, मग छताची गरज उरत नाही. तीनशे मीटरपर्यंत ते बऱ्यापैकी आढळतं आणि हजार मीटरच्या आसपासही त्याची नोंद आहे. भूमध्य समुद्राच्या खोल भागात पाणी बाराही महिने साधारण १३-१४ अंशांवर असतं, हे त्याच्या पथ्यावर पडतं. १९९९च्या उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं तेव्हा फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वसाहती मोठ्या प्रमाणात मेल्या.

हे झाड नाही, हे कळायलाही बराच काळ गेला. १७०६मध्ये मार्सिली या इटालियन अभ्यासकाने पाण्यात ठेवलेल्या पोवळ्यावर पांढरी ‘फुलं’ उमललेली पाहिली आणि ते वनस्पतीच ठरवून टाकलं. पुढे मार्सेयच्या पेसोनेल या डॉक्टरने ती फुलं म्हणजे प्राणी असल्याचं सांगितलं. रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७२७मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे हे मत मांडलं, पण पेसोनेलचं नाव घेतलं नाही. बिचाऱ्याचं हसं नको म्हणून! विज्ञानाच्या इतिहासात इतका सभ्य अपमान क्वचितच झाला असेल.

व्यापारी मात्र झाड की प्राणी याची वाट बघत बसले नव्हते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारपुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे, आणि पैठण-तेरचा माल बाहेर जायचा तो त्याच बंदरातून. रोमन स्त्रियांना आपल्याकडच्या मोत्यांचं जितकं वेड, तितकंच हिंदुस्थानी पुरुषांना पोवळ्याचं, असं रोमन लेखक प्लिनी लिहून गेला. या धंद्याचं आजचं मोठं केंद्र नेपल्सजवळचं तोर्रे देल ग्रेको.

पूर्वी पोवळं काढायला लाकडी क्रूसाला जाळी बांधून तो तळावरून ओढत. हाताला लागे त्याहून जास्त मोडून तळाशीच पडे. युरोपीय संघाने १९९४मध्ये ही पद्धत बंद केली. आता पाणबुडे हातोडीने तोडतात आणि भूमध्य समुद्रात पन्नास मीटरपेक्षा कमी खोलीवर तोडायला बंदी आहे. बुंधा किमान सात मिलिमीटरचा हवा, असाही नियम आहे. मला तो अपुरा वाटतो. सात मिलिमीटरची वसाहत पिल्लं देत असली तरी तिच्या फांद्या मोजक्याच असतात. खरी भरपूर अळ्या सोडते ती जुनी, पसरलेली वसाहत. आणि पाणबुड्याचा डोळा आधी तिच्यावरच जातो.

खऱ्या पोवळ्याचा तुटवडा पडला की बाजारात त्याचा एक चुलता लाल रंगात बुडवून येतो. त्याला बांबूसारखी पेरं असतात. पुढच्या भागात तो.