मानेवरचा टॅटू आणि भाड्याची खोली

नाशिक रोडच्या जेल रोडला किंवा बिटकोच्या आसपास भाड्याने खोली शोधणाऱ्या पोराच्या मानेवर टॅटू आणि डोक्यावर निळ्या बटा असतील, तर एजंट आधीच बजावतो, 'मालकाकडे कॉलरचा शर्ट घालून ये, टोपी घाल, बोलायचं मी बघतो.' तरीही मालकाला ऐनवेळी आठवतं, की खोली फॅमिलीलाच द्यायची आहे. पोरगा रॅप लिहितो, मेटल ऐकतो की नुसतीच हौस आहे, याची चौकशी कुणी करत नाही. टवाळ म्हणून शिक्का बसला की बसला. मालकाच्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं असलं, तरी त्याचा इथे संबंध नसतो!

याच नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र आहे. लष्कराचा टॅटूंबाबतचा नियम कडक आहे: कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर गोंदलेलं चालतं, इतरत्र नाही. परंपरेने गोंदवून घेणाऱ्या आदिवासी जमातींना मात्र सवलत आहे. नियम पटो न पटो, तो छापलेला असतो, मैदानावर घाम गाळण्याआधी वाचता येतो. घरमालकाचा नियम कुठे वाचायचा?

भेदभावाला मनाई करणाऱ्या संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे; केसांचा रंग नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेहराव आणि दिसणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरलं. पण ते मुख्यतः सरकारला बांधतं. खोली नाकारणाऱ्याला त्याचा धाक नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एका मुलीच्या जिवावर बेतला. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशायरमधल्या बॅकप गावच्या बागेत सोफी लँकेस्टर आणि तिचा मित्र यांना पोरांच्या टोळक्याने लाथांनी तुडवलं. दोघं काळ्या कपड्यांतले 'गॉथ', एवढंच निमित्त. वीस वर्षांची सोफी तेरा दिवसांनी गेली. पुढे २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा उपसंस्कृतींतल्या लोकांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, 'जात जन्माने मिळते, टॅटू यांनी हौसेने काढलाय, मग भोगा.' पण धर्मही माणसाला बदलता येतो, म्हणून कायद्याने त्याचं संरक्षण काढून घेतलेलं नाही. आणि मानेवरच्या टॅटूचा भाडं वेळेवर भरण्याशी काय संबंध, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.