हात कुठे आहे, हे कसे कळते?

मंडळी, अंधारात जेवताना घास तोंडातच जातो. कानात जात नाही! हात दिसत नसतो, तरी तो कुठे आहे हे आपल्याला कळते.

ही जाणीव डोळ्यांची नव्हे. आपल्या स्नायूंत बारीक तंतू असतात. स्नायू ताणला की ते मेंदूला खबर देतात. सांध्याभोवतीचे बंधही थोडी खबर देतात. शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला नाव दिले.

पण ही खबर सगळीकडे सारखी नेमकी नसते. करून बघा. भिंतीला पाठ लावून उभे राहा. डोळे मिटा. हात बाजूने थोडासाच उचला. घरातल्या कोणीतरी तिथे भिंतीवर कोळशाने खूण करावी. हात खाली घ्या. पुन्हा तेवढाच उचला. मग खांद्याच्या रेषेत हात नेऊन हेच करा. खालच्या वेळी पुष्कळदा चूक जास्त होते. मी शाळेत कवायत घेत असे. "हात खांद्याच्या रेषेत" म्हटले की रांग सरळ दिसे. "अर्धा हात वर" म्हटले की प्रत्येकाचा अर्धा वेगळा!

असे का? बैलाचा कासरा आठवा. कासरा सैल असला तर बैलाने मान हलवलेली कळत नाही. ताठ असला की लगेच कळते. हात आडवा खांद्याच्या रेषेत आला की सर्वांत जड लागतो. स्नायू ताठ होतात, खबर स्पष्ट जाते. त्याहून वर नेला की अंदाज पुन्हा थोडा चुकू लागतो.

खांदा दमला की खबर मंद होते. कडबा कापण्याच्या यंत्रात दिवसभर पेंढ्या सारल्यावर संध्याकाळी हात पात्याच्या किती जवळ गेला, हे नीट कळत नाही. तेव्हा नजर हातावरच हवी. दमलात तर यंत्र बंद करा.

निखळलेला खांदा बसवला, दुखणे गेले, तरी ही जाणीव कमी राहू शकते. हात जास्त मागे ताणला गेल्याचे वेळेवर कळत नाही आणि खांदा पुन्हा निखळतो. म्हणून दुखणे थांबल्यावरही डॉक्टर व्यायाम सांगतात. काही व्यायाम आपल्या कोळशाच्या खुणेसारखेच असतात. आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून. मात्र हात उचलायची मोकळीक डॉक्टरांनी दिल्यावरच हं!