संगणकाच्या तासाला मुलं काय करतात?

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मुलं जीसीएसई ही शालान्त परीक्षा देतात. संगणकशास्त्र घेतलेल्या बहुतेक मुलांचा त्यातला पेपर असा असतो : हातात पेन, समोर उत्तरपत्रिका आणि प्रश्न, की अमुक काम करणारा प्रोग्रॅम लिहा. मूल ओळीखाली ओळ लिहीत जातं. लिहिलेलं चालतं का, हे त्याला कळायला मार्ग नसतो, कारण चालवून बघायला यंत्रच नसतं. एखाद-दुसऱ्या परीक्षा मंडळाने पडद्यावरची परीक्षा ठेवली आहे, बाकी सगळा कारभार कागदावर.

ज्या देशाने शाळकरी मुलांच्या हाती संगणक देण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग केला, त्याच देशात हे घडतं आहे. ते कसं घडलं याचा माग काढणं आज आपल्यासाठी निकडीचं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगची शिफारस केली. गोव्याने सहावी ते आठवीसाठी 'केअर्स' नावाची कोडिंग-रोबोटिक्सची योजना सुरू केली. महाराष्ट्रातल्या शाळांच्या फलकांवर 'कोडिंग' हा शब्द झळकू लागला आहे. त्या तासाला मूल नेमकं काय करणार, ही चर्चा मात्र क्वचितच होते.

इंग्लंडमधली गोष्ट सुरू होते डिसेंबर १९८१मध्ये. तेव्हा केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आणला. बीबीसीने देशाला संगणकसाक्षर करण्याचा प्रकल्प हाती घेतला होता आणि त्यासाठी स्वतःच्या नावाचं यंत्र बनवून घेतलं होतं. पाठोपाठ जानेवारी १९८२मध्ये दूरदर्शन मालिका सुरू झाली. सुरुवातीचा अंदाज बारा हजार यंत्रांच्या खपाचा होता, विकली गेली पंधरा लाखांच्या आसपास. हे यंत्र सुरू केलं की बीप वाजायचा, वर नाव उमटायचं आणि खाली एक रेघ लुकलुकत राहायची. बस. बेसिक भाषा तयार, आता तुम्ही लिहा. काहीतरी लिहिल्याशिवाय त्या यंत्राचा उपयोगच नव्हता, आणि ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीची संगणकाशी पहिली ओळख झाली ती अशी, लिहिणारी म्हणून.

याच यंत्रावर १९८४ साली इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा अवकाश-व्यापाराचा खेळ रचला. यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट. आज फोनवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. तेवढ्यात त्यांनी आठ दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रहमालांची. हे सगळं साठवून ठेवायला जागा नव्हतीच, म्हणून त्यांनी मोजक्या अंकांपासून गणिताने ती नावं आणि स्थानं खेळताना तयार होतील अशी सोय केली. हे संगणकशास्त्र होतं की सर्जनशील काम? त्यांना हा प्रश्न पडलाही नसेल. दोन्हींची फारकत पुढे शाळेने केली.

भारतातही तेच यंत्र आलं. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो दिले. पण विषय मुख्य अभ्यासक्रमाबाहेर राहिला, भाषा इंग्रजी राहिली आणि शिक्षकांच्या वाट्याला आलं जुजबी प्रशिक्षण. प्रकल्प पुढे वाढला, मूळ धरू शकला नाही.

मुलाने स्वतः लिहून यंत्राला कामाला लावावं, हा विचार बीबीसी मायक्रोहून जुना होता. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती सीमोर पेपर्ट जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंबरोबर काम करून अमेरिकेत एमआयटीला आले. १९६७ साली त्यांनी वॉली फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्या साथीने मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. पडद्यावर एक कासव. त्याला सांगायचं : पुढे १००, उजवीकडे ९०. असं चार वेळा केलं की चौकोन.

मग सांगा, समभुज त्रिकोण काढ. जवळपास प्रत्येक मूल पहिल्यांदा ६० अंश टाकतं, कारण त्रिकोणाचा कोन ६०चा, हे पाठ असतं. कासव भलतीकडेच निघून जातं, त्रिकोण मिटत नाही. मग मूल उठतं, स्वतःच कासव होऊन वर्गात चालून बघतं आणि त्याच्या ध्यानात येतं, की कोपऱ्यावर वळायचं ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंश. एक फेरी पूर्ण झाली की वळणं मिळून ३६० होतात, मग आकृतीला बाजू कितीही असोत. फळ्यावर कितीही वेळा सांगून जे मुरत नाही, ते इथे चुकलेल्या रेषेने शिकवलं.

पुढची पायरी रांगोळीची. चौकोन काढायचा, १० अंश वळायचं, पुन्हा चौकोन. असं ३६ वेळा. पडद्यावर छत्तीस पाकळ्यांचं फूल उमलतं. आता १०च्या जागी ५० टाका. फूल तेच येतं! फक्त पाकळ्या एकीशेजारी एक न येता उड्या मारत येतात. ४५ टाकलं तर मात्र आठच चौकोन, त्यांच्यावरच रेघा गिरवल्या जातात. असं का, हे विचारल्याशिवाय मूल राहत नाही, आणि उत्तर मसाविपाशी येऊन थांबतं. रांगोळी, भूमिती, अंकगणित आणि प्रोग्रॅम, चारही एकाच तासाला. 'संगणकीय सर्जनशीलता' या जड शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

आता पुन्हा इंग्लंडकडे. नव्वदच्या दशकानंतर तिथल्या शाळांत या विषयाला आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) म्हणू लागले, आणि त्यात बराच काळ जाऊ लागला तो पत्र टाइप करणं, तक्ता भरणं, स्लाइड बनवणं यांत. आपल्याकडेही संगणक शिकणं म्हणजे ऑफिसची सॉफ्टवेअर शिकणं, हे समीकरण दीर्घकाळ होतं. नोकरीच्या बाजारात त्याला अर्थही होता. पण तेराव्या वर्षी कळलेली गोष्ट चौदाव्या, पंधराव्या वर्षी पुन्हा शिकताना मुलं कंटाळली. ऑगस्ट २०११मध्ये एडिंबरातल्या व्याख्यानात गुगलचे एरिक श्मिट यांनी ब्रिटनच्या शाळांत संगणकशास्त्र सर्रास शिकवलं जात नाही याबद्दल जाहीर आश्चर्य व्यक्त केलं. जानेवारी २०१२मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना आयसीटी अभ्यासक्रम मोडीत काढत असल्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात रॉयल सोसायटी या विज्ञान-संस्थेचा शालेय संगणक-शिक्षणावरचा कठोर अहवाल आला. फेब्रुवारीत रास्पबेरी पाय हा स्वस्तातला छोटा संगणक आला. त्याच्या संस्थापकांत 'एलिट'वाले ब्रेबेन होते. २०१६मध्ये मायक्रोबिट हा खिशात मावणारा संगणक अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना फुकट वाटला गेला. पंचवीस लाल दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा संवेदक. एवढ्यावर मुलांनी पावलं मोजणारे पट्टे आणि झाडाला पाणी हवं हे सांगणाऱ्या कुंड्या केल्या.

सप्टेंबर २०१४पासून पाच ते सोळा वयाच्या मुलांसाठी 'कॉम्प्युटिंग' हा नवा विषय लागू झाला. त्याचा मसुदा वाचला तर तो उत्तम आहे. माध्यमिक टप्प्यावर दोन प्रोग्रॅमिंग भाषा हव्यात असं तो म्हणतो आणि अनेक साधनं एकत्र वापरून सर्जनशील प्रकल्प करावेत असंही म्हणतो. घोडं अडलं परीक्षेपाशी. आयसीटीचा जीसीएसई बंद झाला आणि मागे उरला फक्त संगणकशास्त्राचा. त्यात सुरुवातीला प्रोग्रॅमिंगच्या प्रत्यक्ष कामाला वीस टक्के गुण होते. त्या कामांची उत्तरं इंटरनेटवर फुटली, तेव्हा परीक्षा नियामकाने जानेवारी २०१८मध्ये हे गुण निकालात न धरण्याचं ठरवलं. प्रत्यक्ष काम वर्गात राहिलं, गुणांतून गेलं आणि मुलं कागदावर आली. फुटलेल्या पेपरवर उपाय म्हणून हाताचं कामच काढून टाकणं, हा माझ्या मते या साऱ्या प्रवासातला सर्वांत महागडा निर्णय होता.

२०१७मध्ये रॉयल सोसायटीनेच पुन्हा पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक माध्यमिक शाळा हा विषय दहावीच्या टप्प्यावर देतच नव्हत्या. शिकवायला माणसंच नव्हती. सरकारने शिक्षक घडवण्यासाठी ८ कोटी ४० लाख पौंड दिले. पैसा आला, प्रशिक्षणं झाली, संगणकशास्त्राचे परीक्षार्थी वाढलेही. मुली मात्र निघून गेल्या. २०१५मध्ये आयसीटीच्या जीसीएसईला बसणाऱ्यांत मुली सुमारे ४३ टक्के होत्या. २०२३मध्ये संगणकशास्त्राला बसणाऱ्यांत त्या सुमारे २१ टक्के उरल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२४मध्ये हे चित्र सविस्तर मांडलं.

मुलींना गणित-तर्क झेपत नाही, हा निष्कर्ष इथे साफ चुकीचा ठरतो, कारण ज्या मुली हा विषय घेतात त्या चांगले गुण मिळवतात. जुन्या विषयाच्या कंटाळवाण्या भागाबरोबर त्यातला जिवंत भागही फेकला गेला. संकेतस्थळ रचणं, चलतचित्र करणं, ध्वनी जोडणं, एखाद्या माणसाची गरज ओळखून त्याच्यासाठी काही तयार करणं, या कामांना 'सोपं' ठरवून बाहेरचा रस्ता दाखवला गेला. काय बनवायचं आणि कोणासाठी, हे ठरवायची मोकळीक गेली, तशी त्या मोकळिकीसाठी येणारी मुलंही गेली. हे इंग्लंडला आता उमगलं आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासक्रम समितीने संगणकशास्त्राच्या जागी अधिक व्यापक 'कॉम्प्युटिंग'चा जीसीएसई आणावा अशी शिफारस केली आणि सरकारने ती स्वीकारली.

धडा घ्यायला आपल्याला समुद्र ओलांडायची गरज नाही. केरळने २००१मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू केला, मुक्त सॉफ्टवेअरची कास धरली आणि शाळांसाठी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची स्वतःची आवृत्ती घडवली. परवान्याचे पैसे वाचले, पण मोठा लाभ वेगळाच झाला. पाठ्यपुस्तक, पडदा आणि शिकवणं मलयाळममध्ये आलं. प्रशिक्षण देणारे बाहेरच्या कंपनीचे नव्हते, शाळांतलेच भाषेचे, गणिताचे, विज्ञानाचे शिक्षक होते. दहावीला आयटीची परीक्षा असते आणि मुलं ती संगणकावर बसून देतात. इंग्लंडला न जमलेली गोष्ट केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

२०१७मध्ये या प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली आणि २०१८मध्ये 'लिट्ल काइट्स' ही विद्यार्थी मंडळं उभी राहिली; आज ती दोन हजारांवर शाळांत आहेत. चाचणी घेऊन मुलं निवडतात. ती चलतचित्रं करतात, मलयाळम टंकलेखन शिकतात, शाळेतली बिघडलेली यंत्रं उघडून बघतात, आईवडिलांना ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करतात. चलतचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीचं चित्र फिकट दिसत राहतं आणि त्यावर पुढचं काढायचं असतं. चेंडू खाली येताना चित्रांमधलं अंतर वाढवायचं, टप्पा पडताना तो किंचित चपटा करायचा. गुरुत्वाकर्षण चित्रात आणायचं तर ते आधी समजावं लागतं. २०२५-२६पासून दहावीच्या पाठ्यपुस्तकात सगळ्यांसाठीच रोबोटिक्स आलं आहे. मंडळातल्या निवडक मुलांकडून सुरू झालेली गोष्ट सगळ्या वर्गापर्यंत पोचायला सात वर्षं लागली, आणि ही सात वर्षं शिक्षक तयार करण्यात गेली.

महाराष्ट्रात यंत्रांची उणीव ही एकमेव अडचण कधीच नव्हती. केंद्राच्या आयसीटी योजनेत इथल्या शाळांना संगणक कक्ष मिळाले, पण ठरावीक मुदतीच्या ठेक्यावर. संगणक शिक्षकही ठेक्यावरच. मुदत संपली की शिक्षक गेला, देखभाल थांबली आणि खोलीला कुलूप लागलं. कायम सेवेसाठी या शिक्षकांनी वारंवार आंदोलनं केली. ज्या राज्यात गणिताचा शिक्षक शाळेचा असतो, तिथे संगणकाचा शिक्षक ठेकेदाराचा का असावा, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

भाषेची सबबही आता टिकत नाही. पायथन ३ या भाषेत चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात. 'बेरीज', 'गुण', 'सरासरी' ही नावं प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी चालतात. इतकंच काय, मुलाने '१२' असं मराठी अंकांत टंकून दिलं, तर अंकात रूपांतर करणारी आज्ञा ते बिनबोभाट बारा म्हणून वाचते. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, पण ते मोजके आहेत. आठवीतला मुलगा स्वतःच्या गावच्या पावसाच्या नोंदी मराठीत भरून त्यांचा आलेख काढू शकतो. यासाठी नवा निधी लागत नाही. हे करून दाखवणारा शिक्षक लागतो.

सहावीपासून कोडिंग यायचं आहे आणि त्याची पुस्तकं, गुणपद्धत, प्रशिक्षणं येत्या काही वर्षांत ठरतील. या विषयाची लेखी परीक्षा नको, मुलाने वर्षभरात केलेल्या कामाला गुण द्या, आणि शिक्षक शाळेचा असू द्या, एवढं तरी आपण आत्ताच मागायला हवं. तुमचं मूल माध्यमिक शाळेत असेल तर पुढच्या पालकसभेत दोन गोष्टी विचारा : आठवड्यात ते स्वतः किती वेळ यंत्रासमोर बसतं, आणि या वर्षी त्याने जे काही बनवलं ते आम्हाला बघता येईल का?