प्राग : खिसा सांभाळून!

जर्मनीत ऑनसाइट आहात? ऑफिस-सुपरमार्केट-ऑफिस असा दिनक्रम चाललाय आणि प्रत्येक युरोचा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार होतोय? मग शुक्रवारची एक सुट्टी टाका आणि प्राग गाठा. ड्रेस्डेनहून ट्रेनने जेमतेम अडीच तास. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर वेगळा व्हिसा नको, पासपोर्ट मात्र हवाच. (लंडनवाल्यांनो, तुम्हाला शेंगेन व्हिसा काढावा लागेल. सॉरी!)

प्राग स्वस्त आहे, पण ओल्ड टाऊन स्क्वेअर ते चार्ल्स ब्रिज एवढा पट्टा सोडून. खिसा रिकामा होतो तो इथेच. चेक लोकांचं चलन युरो नाही, कोरुना. त्यामुळे ‘शून्य टक्के कमिशन’च्या पाट्या जागोजागी दिसतात. कमिशन शून्य, पण रेट? तो आधी विचारा. फसलातच तर २०१९च्या कायद्यानुसार तीन तासांच्या आत, हजार युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो, म्हणून पावती जपा. एटीएमने ‘तुमच्याच चलनात हिशेब करू का?’ असं प्रेमाने विचारलं, तर सरळ ‘नको’ म्हणा.

राहायला झिझ्कोव्ह किंवा विनोह्राडी बघा. ट्राम आहेच. ७२ तासांचा पास घ्या. कागदी असेल तर पहिल्याच प्रवासात मशिनमध्ये ठप्पा मारा. साध्या कपड्यांतले तपासनीस ‘माहीत नव्हतं’ ऐकून घेत नाहीत.

शुक्रवारीच का पोचायचं? तर दुपारचं ‘पोलेदनी मेन्यू’. ऑफिसवाल्यांसाठीचं हे स्वस्त जेवण बहुतेक ठिकाणी वीकेंडला मिळत नाही. शाकाहारी असाल तर ‘स्माझेनी सीर’, म्हणजे चीजचा तळलेला जाडजूड तुकडा आणि बटाटे. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी आईच्या आमटीची आठवण येते.

शनिवारी पहाटे चार्ल्स ब्रिज. पायाभरणी १३५७ची. दहानंतर तिथे दादर स्टेशन होतं, सहाला पूल तुमचा एकट्याचा. मग २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर. आवारात फिरायला तिकीट नाही. संध्याकाळी लेत्नाच्या बागेत बिअर घेऊन बसा, खाली व्ल्तावावरचे पूल एकामागोमाग एक दिसतात. १४१०चं खगोलीय घड्याळ तासाच्या ठोक्याला फुकटात बघता येतं. खेळ मिनिटभरात आटोपतो, फार अपेक्षा ठेवू नका.

काटकसर करायची नाही अशी जागा एकच : पिंकास सिनेगॉग. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या जवळजवळ ८० हजार ज्यूंची नावं इथल्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. वर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं. त्यातली बहुतेक मुलं परत आली नाहीत. तिकीट स्वस्त नाही, तरी काढा. शनिवारी बंद असतं, म्हणून रविवारची सकाळ याच्यासाठी राखून ठेवा.

परतीच्या ट्रेनमध्ये जाण्याच्या दिशेने उजवीकडची खिडकी पकडा. ड्रेस्डेनपर्यंत बराच वेळ नदी सोबत असते.