बधिर पाय, दोष रक्तात

तळपायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात जाणारा तोल. बहुतेकदा कारण मधुमेह किंवा बी-१२ची कमतरता. आपल्याकडे कुष्ठरोगही तपासायलाच हवा. यांपैकी काहीच नसेल तर रक्तातल्या प्रथिनांकडे वळावं. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींचा एखादाच गट बेसुमार वाढतो आणि एकाच साच्याचं प्रथिन रक्तात सोडत राहतो. हे एम-प्रोटीन. अमेरिकेतल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांत ते आढळलं. बहुतेकांना त्रास नसतो. आयजीएम जातीचं प्रथिन मात्र कधीकधी थेट नसांच्या मायलिन आवरणावर उठतं. ही झीज सहसा संथ, वर्षानुवर्षांची. काही महिन्यांतच चालणं अवघड झालं, वजन उतरलं, तर अमायलॉइडोसिस किंवा पोएम्स सिंड्रोम या गंभीर आजारांची शंका घ्यावी. तिथे उशीर महागात पडतो.

तपासण्या म्हणजे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन आणि नर्व्ह कंडक्शन. नेहमीच्या सीबीसी-शुगरमध्ये हा दोष निसटू शकतो. मोठ्या रुग्णालयात जायचं तर आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याहून रेल्वेनं एका दिशेला अकोला, दुसरीकडे पूर्णामार्गे नांदेड. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नुसत्या बी-१२च्या इंजेक्शनांवर वर्ष घालवू नका, मेंदू-मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवा.