मातीच्या भांड्याचा खरा फोटो



नाताळच्या विक्रीसाठी पाड्यांवरून येणाऱ्या मातीच्या भांड्यांचे फोटो काढण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. "त्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा?" असे तरुण संघातील मुले विचारतात. हातातला फोन, एक खिडकी आणि थर्माकोलचा एक पांढरा तुकडा एवढे पुरते. ते कसे, हे येथे सांगतो.

आधी या कामाचे महत्त्व. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांत आणि आरेतील खांबाचा पाडा, केलटीपाडा अशा वस्त्यांत वारली कुटुंबे राहतात. त्यांची चित्रे मुळात घराच्या भिंतीवरची. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या विक्रीत हीच चित्रे माठ, कुंड्या आणि पणत्यांवर असतात. भांडे कुंभाराने घडवलेले, चित्र पाड्यावरच्या बाईने काढलेले.

बाजारात वारली नक्षी छापलेल्या वस्तू ढिगाने मिळतात, त्याही स्वस्तात. आपले गिऱ्हाईक आधी फोनवर फोटो पाहते. त्यात हाताचे काम दिसले नाही, तर ते छापील वस्तूच्या भावाने मागते आणि बाईची दोन दिवसांची मेहनत मातीमोल होते. म्हणून फोटोने एकच गोष्ट साधायची: हे हाताने केले आहे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

हे दाखवतो तो बाजूने येणारा उजेड. फोनचा फ्लॅश समोरून पडतो. त्याने भांडे सपाट दिसते आणि मध्ये पांढरा डाग चमकतो. उजेड एका बाजूने आला की चाकावर फिरलेल्या बोटांच्या वळ्या, रंगाचा किंचित उठाव, रेघ जिथे जाड-बारीक झाली ती जागा, सारे उमटते. म्हणून टेबल खिडकीला लागून ठेवावे आणि खिडकी आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहावे. नोव्हेंबरात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, ती उत्तम. दुसरीकडे ऊन येत असेल तर खिडकीवर बटर पेपर किंवा पातळ पांढरे कापड लावावे. खोलीतील ट्यूबलाइट व बल्ब बंद करावेत. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की गेरूचा रंग बिघडतो.

भांड्याची दुसरी बाजू काळोखात जाते. तेथे थर्माकोलचा तुकडा उभा करावा, तो उजेड परतवतो. मात्र फार जवळ आणू नये. थोडी सावली राहिली तरच गोलाई दिसते.

मागे करड्या किंवा फिकट रंगाचा मोठा चार्ट पेपर लावावा. त्याचे वरचे टोक भिंतीला चिकटवून खालचा भाग घडी न घालता टेबलावर सोडावा, म्हणजे मागे आडवी रेघ येत नाही. गोल बुडाचे मडके डुलते. घरात त्याला चुंबळ देतो, फोटोसाठी खाली एक बांगडी ठेवली की पुरते.

आता फोन. भिंग आधी स्वच्छ पुसावे. फोन अगदी जवळ नेला तर पोट फुगते आणि तळ बारीक दिसतो. त्यापेक्षा चार-पाच फूट मागे सरकून दुप्पट झूम करावे. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे हात हलत नाही. पडद्यावर भांड्यावर बोट दाबून ठेवावे आणि उजेड किंचित कमी करावा, नाहीतर चित्रातील पांढऱ्या रेघा फुटून एकमेकींत मिसळतात.

एका फोटोत माठ मावतो, पण चित्र मावत नाही. तारपा नाचाची साखळी माठाला वळसा घालून जाते. म्हणून माठ पाव-पाव फिरवून चार फोटो घ्यावेत. पाचवा तोंडातून आतला आणि सहावा हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. उंची इंचांत लिहावीच.

दोन गोष्टी टाळाव्यात. रंग खुलावा म्हणून भांडे ओले करू नये. ओली माती गडद दिसते आणि घरी पोचलेले कोरडे भांडे फिके वाटते. दुसरे, भाजताना पडलेला काळसर डाग किंवा काठाचा वाकडेपणा फोनवर पुसू नये. तो दाखवून विकलेली वस्तू परत येत नाही. परत आलेल्या वस्तूचे नुकसान शेवटी त्या बाईच्याच पदरी पडते.

करणारीचा फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारावे. ती नको म्हणाली तर तिचे हात आणि काम पुरे. हो म्हणाली तर काम करताना, तिला आवडेल त्या लुगड्यात घ्यावा. आपण वस्तू विकतो आहोत, तिची गरिबी नव्हे. आणि तिची हरकत नसेल तर फोटोखाली तिचे नाव जरूर लिहावे. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, तसेच माठाखाली हिचे असावे.

मंडळीतील ज्यांच्या घरी उत्तरेची खिडकी आहे, त्यांनी एका शनिवारची सकाळ द्यावी. तेवढ्या वेळात वीसेक भांड्यांचे फोटो सहज होतात.