पळस फुलला, आता बघायला शिकू या!

फाल्गुन लागला की आपली लगबग सुरू होते. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, वर्षाचं तिखट, वर्षाची डाळ. पोरांच्या परीक्षा त्यातच. गच्चीवर वाळवणाची राखण करत बसलो तरी नजर सगळी कावळ्यावर! तिकडे अणदूरच्या शिवारात बांधावरचा पळस पेटलेला असतो, काटेसावरीच्या बोडक्या फांद्यांवर लाल फुलं बसलेली असतात, कडुनिंबाला कोवळी पालवी फुटत असते. वसंत ऋतू आपल्या दारात उभा असतो, पण आपली त्याची भेट होते ती फक्त पोरांच्या निबंधाच्या वहीत.

म्हणून मैत्रिणींनो, यंदा आपल्या बचत गटाची, महिला मंडळाची सहल काढायची असेल, तर ती निसर्ग छायाचित्रणाच्या शिबिराची काढा. मोठा कॅमेरा लागत नाही. हातातला मोबाइल पुरे आहे. सणावाराला रांगोळीचे आणि पुरणपोळीचे फोटो काढणाऱ्या हातांना हे काही अवघड नाही.

जायचं कुठं? महाबळेश्वर, हिमालय लांब राहिले. आपल्याच जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य आहे. १९९७ साली ते अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. तुळजापूर, धाराशिव करत सकाळी पोचता येतं. दरीत महादेवाचं देऊळ आहे आणि सीतामाईसाठी रावणाशी झुंजलेला जटायू इथंच पडला, अशी आख्यायिका आहे. श्रावणात आपण तिथं दर्शनाला जातो, धबधबा बघतो. पण वसंतातलं रामलिंग वेगळं. पानं गळून गेलेली असतात, त्यामुळं पावसाळ्यात दाट झाडीत लपणारा पक्षी आता सहज नजरेस पडतो. नव्याने बघायला शिकणाऱ्यासाठी हा सगळ्यात सोपा हंगाम.

"फोटो काढून का पोट भरतं?" असं घरातल्या वडीलधाऱ्या विचारणारच. त्यांना या रामलिंगचीच गोष्ट सांगा. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यात वनविभागाच्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला. आपल्याकडे वाघ? सगळा जिल्हा चकित झाला. मग त्याच्या अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिले, तेव्हा कळलं की हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ. चारशे-पाचशे किलोमीटर चालत तो इथवर आला होता. आपल्या बोटांचे ठसे जसे, तसे वाघाचे पट्टे. एकासारखे दुसऱ्याचे नसतात. फोटो नसता तर त्याचं गाव कुणालाच कळलं नसतं. फोटो म्हणजे नुसती हौस नाही, तो पुरावा असतो.

हा पुरावा आपल्या गावालाही हवा आहे. आमच्या भागात एका बांधावरचे पळस मशीन लावून काढले. शेत सरळ करायचं होतं. मी चौकशी केली, किती झाडं होती? कुणी पाच म्हणालं, कुणी दहा. ज्या झाडाच्या पानांच्या पत्रावळीवर गावाची लग्नं जेवली, ज्याच्या फुलांच्या रंगानं होळी खेळली, त्याची मोजदादही कुणापाशी नाही! झाडं गेली आणि ती होती याची खूणही गेली.

खरं तर याची सोय कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणत्या वनस्पतीचा काय उपयोग, हे सगळं त्यात लिहायचं. समितीत बायकांनाही जागा आहेत. आता सांगा, कुठली भाजी कधी उगवते, कुठला पाला बाळंतिणीला चालतो, हे बायकांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? आपल्या शिबिराचे फोटो, खाली तारीख, ठिकाण आणि गावातलं नाव लिहून ग्रामपंचायतीत नेऊन दिले तर नोंदवहीला जीव येईल. पुढच्या वेळी बांधावर मशीन आलं तर दाखवायला काहीतरी हातात असेल.

नावं मात्र नीट विचारून लिहा. सोलापूरचे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यात नोकरी करता करता आदिवासींकडून, जाणत्यांकडून झाडापाखरांची नावं गोळा केली आणि त्यांतूनच मराठीला पक्षिकोशासारखी पुस्तकं मिळाली. आपल्या आजीकडे, गुराख्याकडे असा खजिना अजून आहे.

आता थोडं तंत्राचं. निघण्याआधी मोबाइलची काच पदराच्या मऊ टोकानं पुसा. निम्मे फोटो हाताच्या तेलकट डागानंच धुरकट येतात. सूर्य उगवल्यानंतरचे पहिले दोन तास सोन्याचे. दुपारच्या उन्हात रंग उडतो. दोन्ही कोपर अंगाला टेकवा, श्वास रोखा, मग बटण दाबा. जे टिपायचं त्यावर पडद्यावर बोट टेकवलं की ते स्पष्ट होतं. मोबाइलमधून लांबचं ओढून मोठं करू नका, फोटो फाटतो. पावलानं जवळ जा. फूल जमिनीलगत असेल तर खाली बसा. रोज भाकरी थापायला बसतोच की! पळसाच्या पाकळीमागून ऊन येऊ द्या, ती दिव्यासारखी उजळते.

आणि एकाच झाडाखाली अर्धा तास बसा. पळसावर साळुंक्या येतात, बुलबुल येतात, इवलासा शिंजीर येतो. मध प्यायला चोच घातली की परागकण डोक्याला लागतात आणि पाखरू ते पुढच्या फुलाला पोचवतं. एका झाडाचा संसार किती जणांवर चालतो, ते तेव्हा कळतं.

काही पथ्यंही आहेत. आधी वनविभागाची परवानगी घ्या, वाट सुरक्षित आहे का ते विचारा आणि त्यांचा माणूस सोबत घ्या. भडक रंगाच्या साड्या आणि सुगंधी तेलं घरी ठेवा. पक्ष्याच्या घरट्याजवळ फोटोसाठी जाऊ नका. आई उडून जाते आणि पिलं उन्हात तडफडतात. फूल तोडायचं नाही, माकडांना काही द्यायचं नाही, प्लॅस्टिक परत आणायचं.

"आम्हाला कुठलं जमायचं?" असं म्हणू नका. आपल्याच अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या साध्या, कमी शिकलेल्या बायकांमधून 'भारतवैद्य' तयार केल्या. त्या आजार ओळखायला शिकल्या, तर आपण झाडं ओळखायला नाही शिकणार? पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर या तरुणीनं टिपलेल्या काजव्यांनी लखलखलेल्या झाडाच्या फोटोला २०२० साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या जागतिक स्पर्धेत गौरव मिळाला. ते झाडही आपल्या सह्याद्रीतलंच!

बक्षिसासाठी नाही, पण स्वतःसाठी एक दिवस काढाच. जंगलात बाई आजवर गेली ती सरपणाला नाहीतर देवाला. नुसतं बघायला जाण्याचा हक्कही तिचाच आहे. येत्या रविवारी मंडळाच्या बैठकीत एवढा एक विषय घ्या. पळस काही आठवडेच फुलतो, वाळवणं नंतरही होतील.